तळहाताचा फोड

‘तळहाताच्या फोडासारखे जपणे’ हा वाक्प्रचार मी गेली बावीस वर्षे मुलांना शिकवीत आले आहे. अर्थ सांगायचा, ‘आईने एकुलत्या एका मुलाला तळहाताच्या फोडासारखे जपले’ हे ठरलेले वाक्य फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळायचे. तळहातावर फोड येतो कशाने, आणि तो जपायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न इतक्या वर्षांत ना कुणा विद्यार्थ्याने मला विचारला, ना मला स्वतःला पडला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्याच तळहातावर तो फोड आला, आणि मग मात्र या वाक्प्रचाराचा धडा मी पहिल्यापासून गिरवायला बसले.

फोड आला तो वजने उचलून. हसू नका! मराठीच्या बाईंनी चष्मा सावरीत लोखंडी दांडा उचलावा हे चित्र विनोदी आहे, हे मला मान्य आहे. आमच्या घरीही आधी सगळे पोटभर हसून घेतले. पण माणूस चाळिशीनंतर सहसा हौसेने व्यायामाकडे वळत नाही. काहीतरी घडते, म्हणून वळतो. माझ्या बाबतीत काय घडले ते आधी सांगते.

जिन्यावर

गेल्या वर्षीचा श्रावण. आमची पुण्यातली इमारत जुनी, तिला लिफ्ट नाही. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. श्रावणी सोमवार म्हणून आम्ही दोघी देवळात निघालो होतो. पावसाने जिना ओला झालेला. आईच्या उजव्या हातात फुलांची परडी होती, त्यामुळे कठड्याला तिचा हात नव्हता. आणि तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात होता. शेवटच्या चार पायऱ्या उरल्या असताना तिचा पाय निसटला. तिचा सगळा भार माझ्या हातावर आला आणि माझी बोटे उघडली. मी हात सोडला नाही हो, बोटेच उघडली. आधी करंगळी, मग अनामिका, मग सगळीच. आई उजव्या हातावर पडली आणि तिचे मनगट मोडले.

सहा आठवडे तिचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या सहा आठवड्यांत तिची वेणी घालताना, तिला घास भरवताना मला रोज ती चार पायऱ्यांची जागा दिसत असे. शेवटी एकदा डॉक्टरांजवळ मन मोकळे केले. ते म्हणाले, “पडणाऱ्या माणसाला एका हाताने सावरणं पैलवानालाही जमेलच असं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” एवढे बोलून त्यांनी टेबलाच्या खणातून एक उपकरण काढले आणि माझ्या हातात दिले. “आता आलाच आहात, तर हे दाबा पाहू. जोर लावून.”

ते पकड मोजण्याचे यंत्र होते. मूठ आवळली की काटा फिरतो आणि आपल्या मुठीत किती किलोंचा जोर आहे ते दाखवतो. मी दातओठ खाऊन दाबले. काटा सोळावर थांबला.

“बायकांच्या बाबतीत अठराच्या खाली आकडा गेला, की आम्ही जरा लक्ष घालतो,” डॉक्टर म्हणाले. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली एकत्र बसून ठरवलेला हा दंडक आहे : स्त्रियांना १८ किलो आणि पुरुषांना २८ किलो. त्याखाली पकड गेली, तर अंगातला स्नायू झिजत चालला असावा अशी शंका घ्यावी. दुसरी एक मोठी पाहणी २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. भारतासह सतरा देशांतली सुमारे १ लाख ४० हजार माणसे तीत होती. पकडीचा जोर दर ५ किलोंनी कमी आढळला, की मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला, असा तिचा निष्कर्ष होता. याचा अर्थ चेंडू दाबत बसल्याने आयुष्य वाढते असा कुणी घेऊ नये. पकड हे शरीराचे हवामानयंत्र आहे. यंत्राचा काटा हाताने पुढे सरकवून पाऊस थांबत नाही. पण काटा पडू लागला, तर छत्री शोधावी हे बरे!

शिष्यादिच्छेत् पराजयम्

छत्री शोधायला मी घराजवळच्या व्यायामशाळेत गेले, तर तिथे शिकवायला माझीच एक जुनी विद्यार्थिनी उभी! मराठीत काठावर पास झालेली, पण अंगाने अशी लवचिक आणि काटक, की पाहत राहावे. लहानपणापासून दोराच्या मल्लखांबावर वाढलेली मुलगी. “मॅडम, तुम्ही?” असे म्हणून तिने माझ्या पायांना हात लावला, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत मला पायांच्या बोटांपर्यंत वाकवले. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने करावी म्हणतात; माझी ती इच्छा फारच लवकर पुरी झाली.

तिने पहिल्याच दिवशी मला चकित केले. म्हणाली, “मॅडम, बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच.” मला वाटले, ही गंमत करते आहे. पण तिने माझा हात कोपरापासून धरला आणि मूठ वळायला सांगितली. मनगट आणि कोपर यांच्यामधला भाग तिच्या हाताखाली टरारून फुगला. बोटे वळवणारे मोठे स्नायू तिथे असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातल्या अरुंद वाटेने पुढे जाऊन बोटांना जोडलेल्या असतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळच तो. अंगठ्याच्या मुळाशी आणि तळव्यात छोटे स्नायू आहेत खरे, पण ओझे पेलण्याचे मुख्य काम कोपराखालच्या हाताचे. पकड वाढवायची म्हणजे तो भाग तयार करायचा.

पहिले तीन आठवडे हलक्या वजनांत गेले. मग जमिनीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरून सरळ उभे राहायचे, हा प्रकार सुरू झाला. त्याला डेडलिफ्ट म्हणतात. नाव भयंकर आहे, पण जमिनीवर ठेवलेली गव्हाची गोणी उचलताना आपल्या आज्या करीत तेच ते. तिसऱ्या दिवशी उजव्या तळहातावर, अनामिकेच्या खाली, टपोरा फोड आला. आणि मी शहाणपणा केला : तो फोडला!

फळ्याचा खडू

त्या फोडण्याबद्दल शिष्येची बोलणी खाल्ली ती वेगळीच. पण तिने आधी कारण शोधले. मी दांडा तळहाताच्या मधोमध धरीत होते. वजन वर येऊ लागले, की दांडा खाली ओढला जाऊन बोटांच्या मुळाशी घसरे आणि वाटेत कातडीची घडी चिमटून टाकी. उपाय अगदी साधा. ओढून उचलायचे वजन आरंभापासूनच बोटांच्या मुळाशी धरायचे, आणि अंगठा पलीकडून आणून बोटांवर आवळायचा. डोक्यावर किंवा छातीवरून ढकलायच्या वजनाला मात्र उलट नियम : तिथे दांडा तळव्याच्या मागच्या मांसल भागावर, मनगटाच्या थेट वर हवा, नाहीतर मनगट मागे मोडते. एवढ्या एका सुधारणेने माझे निम्मे फोड थांबले.

उरलेल्यांना घाम कारण होता. व्यायामशाळेतली तरुण मंडळी हाताला पांढरी पूड लावून दांड्याला हात घालीत. ‘चॉक’ म्हणतात तिला. चॉक म्हणजे खडू. आणि खडूची मला काय कमी! दुसऱ्या दिवशी पर्समधून दोन खडू नेले आणि हात पांढरे करून मोठ्या ऐटीत उभी राहिले. हात घसरायचा तो घसरलाच, वर साऱ्या शाळेची करमणूक झाली. “मॅडम, हा फळ्याचा खडू. हा बहुतेक जिप्समचा असतो. आपल्याला लागते ती मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड,” शिष्या म्हणाली. बावीस वर्षे जो खडू हातात धरला, त्याचे रसायन मला तिच्याकडून कळले. ही पूड घाम शोषून घेते. ती चिमूटभर लावावी, थापू नये. जाड थर बसला की तोच घसरतो.

मग मी विचारले, “हातमोजे घातले तर?” तिने ते घालू दिले आणि स्वतः अनुभव घ्यायला सांगितले. हात मऊ राहिले, पण कापडाच्या जाडीने दांडा जाड झाल्यासारखा वाटू लागला आणि मूठ पुरती वळेना. ज्यांना हात मऊ ठेवणे भागच आहे त्यांनी ते जरूर वापरावेत, पण पकड वाढवायला ते साहाय्य करीत नाहीत. मनगटाला बांधून दांड्याभोवती गुंडाळायचे पट्टेही मिळतात. पाठीला व्यायाम द्यायचा आहे आणि हात आधीच थकले आहेत, अशा वेळी ते उपयोगी. रोजच बांधले, तर पकडीला काम उरत नाही. स्पर्धेतले वजनउचले अंगठा बोटांखाली दाबून धरतात, म्हणजे दांडा हातात फिरत नाही. २०२१ साली टोकियोत रौप्यपदक मिळवणारी मीराबाई चानू काय, किंवा २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवणारा आपला सांगलीचा संकेत सरगर काय, त्यांच्या खेळातली ही पकड आहे. मी एकदा करून पाहिली आणि अंगठ्याने जे काही सुनावले ते इथे छापण्यासारखे नाही.

घट्टे आणि वजरी

फोड गेले आणि त्यांच्या जागी घट्टे आले. घट्टा म्हणजे काय, तर घर्षण आणि दाब सोसून सोसून कातडीने स्वतःसाठी केलेले चिलखत. ते असावे, पण सपाट असावे. घट्टा उंच वाढला, की त्याची कड दांड्यात अडकते आणि एक दिवस चिलखतासकट कातडी सोलवटून निघते. माझी ती निघाली, नेमकी तोंडी परीक्षांच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गुण मांडताना प्रत्येक आकड्याला डोळ्यांत पाणी येत होते, आणि मुलांना वाटले, बाईंना आपली उत्तरे फारच भिडली!

तेव्हापासून आठवड्यातून एकदा, अंघोळीनंतर कातडी मऊ असताना, मी घट्ट्यांवरून हलकेच वजरी फिरवते. टाचा घासायची आपली तीच वजरी, मात्र हातांसाठी वेगळी ठेवलेली. घट्टा तासून काढायचा नाही, नुसता आसपासच्या कातडीच्या पातळीला आणायचा. ब्लेड लावू नये, दातांनी तर नाहीच नाही. रात्री कोकमतेलाचा हात फिरवावा, म्हणजे भेगा पडत नाहीत. फोड आला तर फोडू नये. वरची कातडी हेच त्याचे मलमपट्टीचे कापड असते. कातडी सोलवटलीच, तर साबण-पाण्याने धुऊन, लोंबणारा तुकडा न ओढता स्वच्छ कात्रीने कापून, वर पट्टी बांधावी, आणि भरून येईपर्यंत दांड्याला सुट्टी द्यावी. लाली पसरली किंवा पू दिसला, तर डॉक्टर गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी हे घासणे-कापणे घरी करूच नये.

दुसरी एक गोष्ट दिसत नाही म्हणून अधिक जपायची. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा सावकाश. हुरूप येऊन वजन भराभर वाढवले, की कोपराच्या बाहेरच्या अंगाला ठणका लागतो. तो थांबण्याचा इशारा समजावा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊ लागल्या, विशेषतः रात्री, तर मनगटातल्या त्या अरुंद वाटेत मज्जातंतू दाबला जात असण्याचा संभव असतो. तेही डॉक्टरांना दाखवावे. आणि मूठ आवळताना श्वास कोंडू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून जोराची पकड धरूच नये.

बादल्या, शब्दकोश आणि रबरबँड

“पकडीसाठी व्यायामशाळाच हवी का?” असे माझ्या एका सहकारी बाईंनी विचारले. मुळीच नाही. पकड तीन प्रकारची : आवळण्याची, चिमटीत धरण्याची आणि ओझे पेलून धरण्याची. तिन्ही घरात तयार होतात. दोन हातांत पाण्याच्या दोन बादल्या घ्याव्यात, पाठ ताठ ठेवून घरातल्या घरात अर्धा मिनिट चालावे, टेकावे, पुन्हा चालावे. आरंभी अर्ध्याच भराव्यात. चिमटीसाठी मी जाड शब्दकोश वापरते : अंगठा एका बाजूला, चार बोटे दुसऱ्या बाजूला, आणि हात खाली सोडून धरून ठेवायचा. शब्दसंग्रहाचा एवढा प्रत्यक्ष भार मला पूर्वी कधी जाणवला नव्हता! ओला टॉवेल पिळणे हा आवळण्याचा उत्तम व्यायाम. वॉशिंग मशीन आल्यापासून घरातला हा व्यायाम आपण यंत्राला देऊन टाकला. शक्य असेल त्याने भक्कम आडव्या दांड्याला लोंबकळावे. पाय जमिनीला थोडे टेकलेले असले तरी चालते. आणि हे सारे झाल्यावर बोटांभोवती रबरबँड घालून ती ताणून उघडावीत. सारखी मूठ वळणाऱ्या हाताला ती उघडण्याचाही सराव हवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, रोज नको.

हे शास्त्र परदेशातून आले असे मला वाटत होते. शिष्येने एक दिवस मला तिच्या जुन्या मल्लखांबाच्या वर्गाला नेले आणि तो गैरसमज दूर केला. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, अशी परंपरा आहे. तिथे लाकडी खांबाला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग घासून सोलवटत नाही. आणि हात निसटू नये म्हणून राळेची पूड असते. एक वस्तू घसरण्यासाठी, दुसरी न घसरण्यासाठी! कुस्तीच्या आखाड्यातही पैलवान हाताला माती लावून घामेजलेले अंग धरतो. आमच्या जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या, उभ्या जिन्यांत धरायला वरून दोर सोडलेला असे, तो तरी दुसरे काय होता? लहानपणी आजोळी त्या दोराला धरून मी खाली-वर केलेले आहे. त्या घरातल्या आजीचे हात मला आठवतात. जात्याचा खुंटा धरून धरून तिच्या तळव्यांना असे घट्टे पडले होते, की चुलीवरचे पातेले ती पदराशिवाय उतरवी. लहानपणी तिने गालावरून हात फिरवला, की मी तोंड बाजूला करीत असे. खरखरीत लागे.

तो खरखरीतपणा कष्टाचा होता. त्याची गोडवी गाण्याचा मला अधिकार नाही. जाते सुटले हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर हातांचे बळही गेले, आणि त्याच्या जागी आपण काही आणले नाही, ही चूक मात्र आमच्या पिढीची. हात मऊ राहावेत म्हणून आम्ही त्यांना कामापासून जपले. जपणे म्हणजे झेपेल तेवढे काम द्यायचे, मग धुवायचे, तेल लावायचे, विसावा द्यायचा आणि पुन्हा थोडे अधिक काम द्यायचे, हे मला एका फोडाने शिकवले.

सोऱ्या

प्लास्टर निघाल्यावर आईचा हात वाळक्या काटकीसारखा दिसत होता. तिच्या उजव्या मुठीचा आकडा आला सात. फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी तिला मऊ चेंडू दाबायला आणि ओला रुमाल पिळायला सांगितले. दुपारी मी कॉलेजातून आले, की आम्ही दोघी समोरासमोर बसतो. ती रुमाल पिळते, मी टॉवेल. “तुझा टॉवेल अजून गळतोय,” असे ती मला सुनावते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा यंत्र पुढे केले. माझा काटा बावीसवर गेला, तिचा चौदावर. “अजून करा,” एवढेच ते म्हणाले.

जिना अजून तोच आहे. आता उतरताना आईचा उजवा हात कठड्यावर असतो, परडी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात. बोलत मात्र आम्ही दोघीही नाही, शेवटची पायरी उतरेपर्यंत.

परवा चकल्यांची भाजणी मळली. गेल्या दिवाळीला आईने सोऱ्याला हात लावला नव्हता. चकल्या विकतच्या आणल्या होत्या आणि त्यांवर कुणी काही बोलले नव्हते. यंदा तिने आपणहोऊन पितळी सोऱ्या पुढे ओढला. दोन चकल्या पाडल्या, तिसरी अर्ध्यावर तुटली. तिने सोऱ्या माझ्याकडे दिला. देताना माझा तळहात तिच्या हातात आला, तो तिने उलटा-सुलटा करून पाहिला, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

“अगदी माझ्या आईचे हात झाले गं तुझे,” ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. सोऱ्याची मूठ धरली, बोटांच्या मुळाशी, अंगठा वरून आवळून.

“बघत काय बसलीस? तेल तापलंय,” आई म्हणाली.